काकूंचे पद आणि आमचे शुद्धिपत्र

त्वष्ट्याची गोष्ट संस्कृत जाणणाऱ्या घरांतून मुलांस लहानपणीच सांगण्यात येते. इंद्राने आपला पुत्र मारला म्हणून संतापलेल्या त्वष्ट्याने सूड घेण्यासाठी यज्ञ मांडला, आणि इंद्राला मारणारा वाढावा अशा हेतूने ‘इन्द्रशत्रु’ हा शब्द उच्चारला. शब्द बरोबर होता, अक्षरे बरोबर होती, विधीही यथासांग होता. फक्त उदात्त स्वर शेवटच्या अक्षरावर पडावयाचा तो पहिल्यावर पडला. तेवढ्याने तत्पुरुषाचा बहुव्रीही झाला. ‘इंद्राला मारणारा’ असा अर्थ जाऊन ‘इंद्र ज्याला मारणारा’ असा अर्थ निघाला, आणि यज्ञातून उत्पन्न झालेला वृत्र इंद्राच्याच हातून मेला. आम्ही ही गोष्ट पस्तीस वर्षे मुलांस सांगितली आणि फळ्यावर दोन्ही समास सोडवून दाखविले. एका स्वराच्या ढळण्याने काय अनर्थ होतो हे आपणांस पक्के ठाऊक आहे, अशी आमची समजूत होती. त्या समजुतीची परीक्षा 2022 च्या मार्गशीर्षात आमच्याच घरी झाली आणि तीत आम्ही नापास झालो. ती हकीकत वाचकांपुढे मांडावी, असे पुष्कळ दिवस मनात होते.

आमचे बिऱ्हाड श्रीवर्धनास. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचे हे मूळ गाव; रोठा सुपारीमुळेही नावाजलेले. आमचे शिक्षण म्हणावे तर जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंतचे. संस्कृत तेवढे वडिलांजवळ बसून झाले. पुढे एका शाळेत खालच्या वर्गांस मराठी व आठवीस संस्कृत शिकवून आम्ही सेवानिवृत्त झालो. घर एकत्र, वाडी एकत्र, आणि घरातील सर्वांत वडील माणूस म्हणजे आमच्या काकू.

काकूंचे माहेर मिरजेचे. 1962 साली त्या लग्न होऊन ह्या घरात आल्या तेव्हा आम्ही पाच वर्षांचे होतो. त्यांच्या लोखंडी ट्रंकेत लुगड्यांच्या तळाशी एक जाड पुठ्ठ्याची वही होती. मिरजेस त्या मुलीपणी गाणे शिकल्या होत्या. गुरुजींनी सांगितलेल्या चिजा व पदे स्वरांसह त्यांनी त्या वहीत उतरून घेतली होती. स्वर शाईने काकूंच्या हातचे, आणि स्वरांवरच्या खुणा पेन्सिलीने गुरुजींच्या हातच्या. आमच्या घरी त्या काळी सुनेने बैठकीत गाण्याची चाल नव्हती. काकू गात त्या माजघरात, भाजी निवडताना, मुलांस निजविताना. वर्षातून एकदा मात्र, चैत्रातल्या उत्सवात, त्या देवापुढे एक पद म्हणत. त्या पदाची चाल बिहागाची. अंतऱ्यात त्यांचा गळा तार षड्जावर जाऊन तेथून आणखी वर चढे, आणि एका स्वरावर क्षणभर टेकून खाली येई. आम्हांस त्या वेळी सूर कळत नव्हते. पण तो क्षण आला की ओटीवरची बोलणी थांबत, हे आठवते.

आमचे थोरले बंधू दादा मुंबईस नोकरीस होते आणि हौसेने गाणे शिकत. त्यांचे शिक्षण पंडित विष्णु नारायण भातखंडे ह्यांच्या पद्धतीने झाले. भातखंडे हे वाळकेश्वरास 1860 साली जन्मलेले, पेशाने वकील, संस्कृताचे जाणते. ठिकठिकाणच्या गायकांच्या तोंडून चिजा मिळवून त्यांनी त्या क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत छापल्या. त्यांचे स्वरलेखन सुटसुटीत आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ. मध्यम तीव्र असेल तर त्याच्यावर उभी रेघ. मंद्र सप्तकाचा स्वर असेल तर खाली टिंब, तार सप्तकाचा असेल तर वर टिंब. खूण नसेल तर स्वर शुद्ध व मध्य सप्तकातला. 1978 च्या सुमारास दादांनी काकूंची सगळी वही ह्या पद्धतीत सुवाच्य अक्षरांत उतरून दिली. मूळ वही पुन्हा ट्रंकेत गेली, आणि दादांची प्रत वापरात राहिली. दादा आता नाहीत.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर भूमीवर चढले. वाडीतल्या पोफळी काडीसारख्या मोडल्या, घराची कौले उडाली, आणि माळ्यावरच्या ट्रंकेत पाणी शिरले. चार दिवसांनी ट्रंक उघडली तेव्हा काकूंच्या वहीची पाने एकमेकांस चिकटून गेली होती. आम्ही ती सावलीत वाळवून एकेक करून सोडविली. शाई पसरली होती, अक्षरांचे ढग झाले होते. काकूंनी ती वही हातात घेतली, वास घेतला आणि काही न बोलता परत दिली.

त्या वेळी मनाशी ठरविले की, काकूंच्या सहस्रचंद्रदर्शनास ह्या पदांची एक पुस्तिका छापून त्यांच्या हाती द्यावयाची. काम गुपचूप करावयाचे, म्हणजे ऐन समारंभात त्यांस नवल वाटेल. आमच्यापुढे तीन प्रती होत्या. पहिली ती भिजलेली मूळ वही. दुसरी दादांची प्रत. तिसरी मिरजेच्या काकूंच्या धाकट्या भगिनींनी आपल्या वहीवरून पाठविलेली. ह्या तिसरीत स्वरांची नुसती अक्षरे होती, खूण एकही नव्हती. बहुतेक पदांत तिन्ही प्रती जुळत होत्या. अडले ते उत्सवाच्या पदात, आणि तेही नेमके अंतऱ्यातल्या त्या जागी.

दादांच्या प्रतीत तेथे षड्ज, गंधार, मध्यम, गंधार, षड्ज असे पाच स्वर होते. दोन्ही षड्जांवर व दोन्ही गंधारांवर टिंब, म्हणजे चारही तार सप्तकातले. मधल्या मध्यमावर मात्र टिंब नाही. त्याच्यावर उभी रेघ. हिशेबाने पाहता हा मध्य सप्तकातला तीव्र मध्यम झाला. पण तार गंधारावरून एकदम खालच्या मध्यमावर यावयाचे आणि पुन्हा तार गंधारावर उडी मारावयाची, हे कोणा गळ्याला शोभेल? तेव्हा आम्ही ठरविले की टिंब दादांच्या हातून राहिले असावे. ते आम्ही घातले. मध्यम तार झाला. आता प्रश्न राहिला तो तीव्र की शुद्ध एवढाच.

बिहागात तीव्र मध्यम येतो, परंतु तो बहुधा पंचमाच्या आश्रयाने येतो. गंधारांच्या मध्ये असा उघडा पडत नाही. मिरजेच्या प्रतीत खूण नव्हती, म्हणजे तिच्याप्रमाणे मध्यम शुद्ध. पण ह्या प्रतीत कोठेच खूण नसल्यामुळे तिची साक्ष आम्ही कच्ची ठरविली. मूळ वहीचे ते पान उजेडात धरून पाहिले तो मध्यमाच्या डोक्यावर पेन्सिलीची उभी रेघ दिसली. झाले, आमची खात्री पटली. वर आमची विद्वत्ता पुढे सरसावली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 पासून 1966 पर्यंत खपून महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली, हे वाचकांस ठाऊक असेलच. अशा कामातला एक नियम असा आहे की, दोन पाठांपैकी जो कठीण तो बहुधा मूळचा. कारण लेखनिक अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड सहसा करीत नाही. हा नियम आम्ही एका पुस्तकात वाचलेला होता. तीव्र मध्यम हा कठीण पाठ. तेव्हा तोच काकूंच्या गुरुजींचा खास पाठ, असा निर्णय आम्ही देऊन टाकला. तार सप्तकाचे टिंब आणि तीव्राची रेघ, अशी दोन्ही चिन्हे त्या मध्यमावर छापली गेली. आपण घातलेले टिंब आपले आहे हे आम्ही कोठे नोंदविले नाही. मुखपृष्ठावर ‘संशोधित’ हा शब्द मात्र आठवणीने घातला. दीडशे प्रती निघाल्या.

समारंभाच्या दिवशी काकूंची नात, म्हणजे आमच्या धाकट्या चुलत बंधूंची कन्या, ते पद गायली. पोरीचा गळा चांगला, आणि पुस्तिकेवरून तिने महिनाभर मेहनत केली होती. काकू पाटावर बसल्या होत्या, पदरात अक्षता होत्या. अंतरा आला, सूर तार षड्जावर गेला, आणि काकूंचा उजवा हात आपोआप वर उचलला गेला. मुलगी तीव्र मध्यमावर टेकली. तो हात तसाच अधांतरी राहिला, मग हळूच खाली मांडीवर आला. कोणाच्या काही लक्षात आले नाही. आम्ही तो हात पाहिला आणि काकू गहिवरल्या असाव्यात असा सोयीचा अर्थ लाविला.

रात्री पाहुणे पांगल्यावर काकू माजघरात झोपाळ्यावर बसल्या होत्या. पुस्तिका मांडीवर होती.

“मास्तर, पुस्तक देखणे झाले आहे हो,” त्या म्हणाल्या. “पोरीनेही मन लावून म्हटले. ते शेवटचे पद कोणाचे रे?”

आम्ही हसून म्हटले, “काकू, ते तुमचेच की! उत्सवातले.”

“माझे?” त्यांनी चष्मा काढून पुसला, पान पुन्हा पाहिले. “असेल बापडे. गुरुजी गेले, तुझे काका गेले, दादा गेला. आता पुस्तकात छापले आहे म्हणजे तसेच असेल. मीच विसरले असेन.”

वाचकहो, त्या रागावल्या असत्या तर आम्हांस बरे वाटले असते. साठ वर्षे जे पद गळ्यात वागविले त्याच्याविषयी त्या बाईला आपल्या स्वतःच्या स्मरणाची शंका आली होती, आणि ती शंका आमच्या छापील पानाने उत्पन्न केली होती. छापलेले ते खरे, ही शिकवण आम्हीच शाळेत पिढ्यान्‌पिढ्या दिली. तिचे हे फळ.

रात्री झोप आली नाही. उठून मूळ वही काढली. दिवा वरून धरला तर पूर्वीप्रमाणेच मध्यमावरची रेघ तेवढी दिसे. मग काय मनात आले कोण जाणे, विजेरी कागदाच्या कडेशी आडवी धरली. पेन्सिलीचा रंग गेला होता, परंतु टोकाने कागदावर उमटलेला खोलगटपणा गेला नव्हता. तिरप्या उजेडात तो सावलीसारखा उमटला. रेघ एकट्या मध्यमावर नव्हती. षड्जावर उभी रेघ होती. गंधारावर होती. पुढल्या गंधारावर आणि षड्जावरही होती. पाचही स्वरांवर पाच उभ्या रेघा.

षड्ज तर कधी तीव्र होत नाही. मग ही रेघ कसली? पाने मागे उलटली तो काफीतल्या एका चिजेत गंधार-निषादांच्या खाली आडव्या रेघा नव्हत्या. त्यांचे पाय मोडलेले होते, ‘वाक्’ शब्दातल्या क-सारखे. आणि मंद्र निषादावर, खाली नव्हे, वर टिंब होते. तेव्हा कोठे डोक्यात उजेड पडला. ही वही भातखंड्यांच्या लिपीत नव्हतीच. ती होती पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांच्या लिपीत.

पलुस्कर कुरुंदवाडचे, जन्म 1872 चा. बालपणी दारूच्या अपघाताने दृष्टी अधू झाली, आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांजवळ त्यांचे गाणे झाले. 1901 साली त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांचे स्वरलेखन वेगळे. कोमल स्वराचा पाय मोडावयाचा. मंद्र स्वरावर टिंब द्यावयाचे. आणि तार स्वरावर उभी रेघ! म्हणजे भातखंडे-पद्धतीत वरचे टिंब तार सप्तक दाखविते, तर पलुस्कर-पद्धतीत तेच टिंब मंद्र दाखविते. आणि मध्यमावरची जी उभी रेघ एकीकडे तीव्रपणा सांगते, तीच दुसरीकडे नुसते वरचे सप्तक सांगते. काकूंचा मध्यम तीव्र नव्हताच. तो तार सप्तकातला साधा शुद्ध मध्यम होता. मिरजेच्या भगिनींची खुणा नसलेली प्रत, जिची साक्ष आम्ही कच्ची म्हणून बाजूस सारली, तीच खरी ठरली.

दादांच्या हातून चूक कशी झाली हेही मग उलगडले. षड्जावरची व गंधारावरची रेघ त्यांच्या पद्धतीत संभवतच नाही; ती परकी दिसली म्हणून त्यांनी तिचे भाषांतर करून टिंब दिले. मध्यमावरची रेघ मात्र त्यांच्या ओळखीची होती. ओळखीची वाटली म्हणून ती तशीच उतरली. परका शब्द आला म्हणजे आपण कोश उघडतो. आपल्याच भाषेतला वाटणारा शब्द बेधडक पुढे नेतो. हिंदीतली ‘शिक्षा’ वाचून मराठी मुलगा दंड समजतो, तशातलाच हा प्रकार. आणि आम्ही? टिंब राहिले आहे हे आम्हांस दिसले होते. ते का राहिले, असा प्रश्न विचारला असता तर सारा उलगडा तेथेच होता. आम्ही प्रश्न न विचारता टिंब घालून मोकळे झालो, आणि चुकीचा एकुलता एक साक्षीदार आमच्या हाताने नाहीसा केला. कठीण पाठाचा नियम खोटा नाही. पण लेखनिकाच्या नजरचुकीनेही पाठ कठीण होतो, हे त्या नियमाबरोबरच शिकावयास हवे होते.

सर्वांत लाजिरवाणे ते पुढेच. स्वरांच्या खुणा शाखेप्रमाणे बदलतात, हे आम्हांस नवीन नव्हते. ऋग्वेदाच्या पोथीत अक्षरावरची उभी रेघ स्वरित दाखविते व उदात्ताला खूणच नसते. मैत्रायणी संहितेत तीच उभी रेघ उदात्त दाखविते. ऋग्वेदात अक्षराखालची आडवी रेघ म्हणजे अनुदात्त. शतपथ ब्राह्मणात तीच रेघ म्हणजे उदात्त. सामवेदात तर रेघा जाऊन आकडे येतात. पोथी हाती घेतली की आधी शाखा विचारावी, मग स्वर म्हणावा, हे वडिलांनी आम्हांस मुंज झाल्या वर्षी सांगितले होते. वेदाच्या पोथीला जो मान आम्ही दिला असता, तो काकूंच्या वहीला दिला नाही. ती बायकांची गाण्याची वही. तिलाही काही शाखा असेल, असे आमच्या मनातच आले नाही.

सकाळी आम्ही काकूंपुढे वही ठेविली आणि सारे सांगितले. त्या पुष्कळ वेळ ऐकत राहिल्या, मग हसू लागल्या.

“अरे, दादाला मी तेव्हाच म्हटले होते, ही रेघ वरच्या सप्तकाची बरे का. तो म्हणाला, ठाऊक आहे काकू.”

“मग आम्हांस का नाही सांगितलेत?”

“तू विचारलेस कुठे? विचारले असतेस तर म्हणून दाखविले असते.”

ह्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. तीन प्रती आम्ही ताडून पाहिल्या, भिंग लाविले, नियम लाविले. आणि चौथी प्रत त्याच घरात झोपाळ्यावर बसलेली होती. नवल वाटावे म्हणून गुप्तता राखली, हे खरे. पण पोटात दुसरेही होते. ऐंशी वर्षांच्या बाईच्या आठवणीपेक्षा आपली चिकित्सा अधिक भरवशाची, असे आम्ही धरून चाललो होतो.

मग काकूंनी पद म्हटले. आवाज थकला होता, परंतु अंतऱ्यात तो चढला, तार मध्यमावर शुद्ध टेकला, आणि इतक्या वर्षांनी आम्हांस तो उत्सव पुन्हा ऐकू आला. आम्ही कागद घेऊन बसलो होतो. उतरताना निषाद शुद्ध लागला. वहीतही शुद्धच होता. संध्याकाळी खात्रीसाठी पुन्हा म्हणावयास लाविले तो त्याच जागी कोमल निषादाचा स्पर्श झाला. आम्ही त्यांस थांबविले. “काकू, सकाळी शुद्ध म्हटलात, आता कोमल. खरा कोणता?” त्या म्हणाल्या, “गुरुजींपुढे म्हटला तो शुद्ध. देवापुढे म्हणताना हा लागत गेला. दोन्ही माझेच की रे.”

आमची पुतणी मुंबईस पियानोही शिकते. हे ऐकून ती म्हणाली, “काका, आमच्याकडेही असेच आहे.” तिने शोपँ ह्या पोलिश रचनाकाराची गोष्ट सांगितली. हा 1849 साली वारला. त्याच्या पुष्कळ रचना पॅरिस, लाइप्झिग व लंडन येथे निरनिराळ्या प्रकाशकांनी एकाच सुमारास छापल्या, आणि त्या छापांत आपसांत फरक आहेत. शिवाय शिकविताना तो शिष्यांच्या छापील प्रतींवर पेन्सिलीने दुरुस्त्या करी. 1839 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चोवीस प्रील्यूडांपैकी विसावे अवघे तेरा खंडांचे आहे. त्याच्या तिसऱ्या खंडाच्या अखेरीस एक स्वर आहे. आपल्या भाषेत बोलावयाचे तर गंधार. तो कोमल की शुद्ध, हा वाद आहे. त्यांच्या लेखनात चिन्ह एकदा घातले की ते खंडाच्या अखेरीपर्यंत लागू राहते; त्यामुळे चिन्ह नसण्याचेही दोन अर्थ होतात. एक तर ते हेतुतः नाही, नाही तर अनवधानाने राहिले. शोपँच्या स्वहस्ताच्या प्रतीत तेथे कोमलाचे चिन्ह नाही. परंतु एका शिष्येच्या प्रतीत त्याने ते स्वतः घातलेले आहे. म्हणून कित्येक संपादक कोमल छापतात, कित्येक शुद्ध. पुतणीने दोन्ही वाजवून दाखविले. एकाने प्रकाश पडल्यासारखा वाटला, दुसऱ्याने सावली आली. आम्ही विचारले, “मग तुम्ही वाजवता कोणता?” ती म्हणाली, “बाई सांगतात, एक निवडा. पण दुसरा आहे हे विसरू नका, आणि कोणी विचारले तर का निवडला ते सांगता आले पाहिजे.”

तिच्या बाईंना आमचा नमस्कार. महाभारताच्या त्या आवृत्तीतही नेमके हेच केलेले आहे. जेथे पाठाची पुरती खात्री नाही तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ. जेथे संपादकाने स्वतःच्या तर्काने दुरुस्ती केली तेथे फुली. आणि टाकलेले पाठ तळाशी, एकही न दडविता. विद्वान झाला म्हणून त्याला शंका नसते असे नाही. तो आपली शंका वाचकापासून लपवीत नाही, एवढेच. आम्ही नियम त्यांचा उचलला. त्यांची नागमोडी रेघ मात्र उचलली नाही.

पुढे शुद्धिपत्र छापले. त्यात चूक कोणती, कोणाची व कशाने झाली, हे स्पष्ट लिहिले. दादांच्या वाट्याची थोडी आणि आमच्या वाट्याची पुष्कळ. निषादाखाली नागमोडी रेघ देऊन तळटीप घातली: ‘वहीत शुद्ध, गाताना काकू कोमलाचा स्पर्शही करतात.’ पुस्तिका ज्यांच्या घरी गेल्या होत्या त्यांस शुद्धिपत्र टपालाने धाडले, आणि गावातल्या घरी स्वतः जाऊन लाल शाईने दुरुस्ती केली. जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांवर चालविलेली लाल शाई स्वतःच्या पुस्तकावर चालविताना हात जरा जड झाला, हे कबूल करतो.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी अशी एखादी वही असेल: आजीच्या गाण्यांची, आईच्या पाककृतींची, आजोबांच्या औषधांची. ती उतरून काढण्याची हौस घरातल्या कोणास तरी होते, आणि ती चांगलीच गोष्ट आहे. फक्त त्यांस एवढे सुचवावेसे वाटते की, वही कोणी, कोठे व कोणाजवळ शिकून लिहिली हे पहिल्या पानावर टिपून ठेवावे आणि तिच्यातल्या खुणांचा खुलासा आधी करून घ्यावा. आपण जे घालू किंवा काढू ते आपले म्हणून वेगळे दाखवावे. मूळ वही, कितीही फाटकी असो, टाकू नये. आणि लिहिणारे माणूस घरात असेल तर आधी त्याच्यापाशी जाऊन बसावे.

एवढे करूनही काम संपते असे नाही. परवा काकूंची प्रत सहज उघडली. दुरुस्तीप्रमाणे मध्यमावर आता तार सप्तकाचे टिंब आहे, तीव्राची रेघ लाल शाईने खोडलेली आहे. पण त्या टिंबाशेजारी पेन्सिलीची एक नवी, थरथरत्या हाताची उभी रेघ दिसली. विचारले तेव्हा काकू म्हणाल्या, “तुमचे ते टिंब मला खालच्या सप्तकाचे वाटते रे. म्हणून माझी खूण घालून ठेवली.” म्हणजे पन्नास वर्षांनी जो कोणी ती प्रत उघडील त्याला त्या मध्यमावर टिंब आणि रेघ दोन्ही दिसणार, आणि आम्ही केली तीच चूक तो नव्याने करणार! रेघ खोडावयास मात्र आमचा हात झाला नाही. आम्ही तिच्याखाली बारीक अक्षरांत लिहिले: ‘टिंब भातखंडे-पद्धतीचे, रेघ पलुस्कर-पद्धतीची. अर्थ एकच, तार सप्तक. मध्यम शुद्ध. रेघ काकूंच्या हातची.’ खाली तारीख घातली, आणि बरोबर आहे ना, म्हणून काकूंस वाचून दाखविले.